विश्लेषण : फ्युएल सेलचे प्लॅटिनमवाचून अडते का? १८४ वर्षांपूर्वी हा प्रश्न पाहणाऱ्या वकिलाची गोष्ट

ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात हायड्रोजनवर चालणाऱ्या एका मोटारीची चाचणी झाली. ‘सीएसआयआर’ आणि केपीआयटी या कंपनीने मिळून ती तयार केली होती. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, याच जोडीची हायड्रोजन बस पुण्यातच सादर झाली. मोटारीच्या बातमीत एक छोटा तपशील होता. तिच्यातला फ्युएल सेल कमी तापमानाचा, म्हणजे ६५ ते ७५ अंश सेल्सिअसवर चालणारा होता. चहा उकळतो त्याहूनही कमी तापमानात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज देतात आणि मागे फक्त पाणी उरते.

हे शक्य होते ते एका धातूमुळे. प्लॅटिनम. तो काढला तर असा सेल जवळजवळ ठप्प होतो. ठेवला तर किंमत वाढते. जगभरातले संशोधक आजही या पेचात अडकलेले आहेत. तो पेच सर्वात आधी ज्यांच्या लक्षात आला, ते विल्यम रॉबर्ट ग्रोव्ह पेशाने वकील होते. पुढे ते न्यायाधीश झाले. पाठ्यपुस्तकांत ‘फ्युएल सेलचे जनक’ म्हणून त्यांची एका ओळीत बोळवण होते. त्यांच्या आयुष्याकडे जरा सविस्तर पाहिले तर हे तंत्रज्ञान इतकी वर्षे का रखडले, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

वकिली सुटली, प्रयोग सुरू झाले

ग्रोव्ह यांचा जन्म ११ जुलै १८११ चा, वेल्समधल्या स्वानसी गावचा. वडील स्थानिक मॅजिस्ट्रेट, घर खाऊनपिऊन सुखी. सुरुवातीचे शिक्षण घरी शिक्षक ठेवून झाले, नंतर ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात. १८३५ मध्ये ते बॅरिस्टर झाले. मात्र प्रकृती साथ देईना, म्हणून वकिली बाजूला पडली आणि विज्ञानाची मुळातली आवड पुढे आली. १८३७ मध्ये एमा पोल्स यांच्याशी विवाह झाला.

स्वानसी तेव्हा तांबे गाळण्याच्या उद्योगासाठी प्रसिद्ध होते. धातू, आम्ले आणि भट्ट्या यांची माहिती असलेली माणसे गावात होती. गावातल्या हौशी मंडळींनी १८३५ मध्ये एक वैज्ञानिक संस्था काढली, तिच्या उभारणीत ग्रोव्हही होते. ना पीएचडी, ना प्रयोगशाळेतली नोकरी. त्या काळी विज्ञान असेच, घरच्या पैशांवर चालायचे.

आधी एक वेगळीच बॅटरी

इथे एक घोटाळा टाळायला हवा. ग्रोव्ह यांच्या नावावर दोन शोध आहेत आणि इंटरनेटवर त्यांची सर्रास सरमिसळ होते.

पहिला ‘ग्रोव्ह सेल’, १८३९ चा. यात सौम्य सल्फ्युरिक आम्लात जस्ताचा इलेक्ट्रोड, तीव्र नायट्रिक आम्लात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड आणि दोन्हींच्या मध्ये सच्छिद्र मातीचे भांडे. व्होल्टेज सुमारे १.९, म्हणजे त्या काळच्या इतर बॅटऱ्यांच्या मानाने दणदणीत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ती सादर झाली आणि ग्रोव्ह यांचे नाव झाले. अमेरिकेत तारायंत्राचे जाळे पसरले तेव्हा सुरुवातीची कित्येक वर्षे त्याला वीज पुरवली ती याच सेलने. दोष दोन होते. त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड हा विषारी वायू निघे आणि प्लॅटिनम महाग पडे. जर्मनीत बुन्सेन यांनी १८४१ मध्ये प्लॅटिनमच्या जागी कार्बन वापरून दुसरा प्रश्न सोडवून टाकला.

हा सेल म्हणजे फ्युएल सेल नव्हे. इथे जस्त झिजते आणि ते संपले की सेल संपतो. प्लॅटिनमचे काम फक्त आम्लात न विरघळता वीज वाहून नेणे एवढेच. ते काम कार्बनलाही जमते, म्हणून बुन्सेन यांची युक्ती चालली. दुसऱ्या शोधात मात्र ती चालणार नव्हती.

दोन नळ्या आणि हलणारा काटा

पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे १८०० सालापासून माहीत होते. ग्रोव्ह यांनी ही क्रिया उलटी केली. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन. दोन्हींत प्लॅटिनमची एकेक पट्टी, अर्धी वायूत आणि अर्धी खालच्या आम्लमिश्रित पाण्यात. पट्ट्या तारेने गॅल्व्हानोमीटरला जोडल्या तर काटा सरकला आणि सरकलेलाच राहिला.

याचे टिपण ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’च्या फेब्रुवारी १८३९ च्या अंकात आले. ग्रोव्ह तेव्हा २७ वर्षांचे होते. आजच्या हिशेबात, कॅम्पस प्लेसमेंटनंतर पहिली नोकरी बदलण्याच्या विचारात असलेल्या तरुणाएवढे.

श्रेयाचा प्रश्न इथे येतोच. त्याच नियतकालिकात एक महिना आधी, जानेवारीत, बासलचे रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियान श्योनबाइन यांनी प्लॅटिनम आणि हायड्रोजनच्या अशाच परिणामाबद्दल लिहिले होते. म्हणून काही अभ्यासक पहिला मान त्यांना देतात. परिणाम दोघांनाही दिसला, पण त्यातून चालणारे यंत्र बांधले ते ग्रोव्ह यांनी, असे म्हणणे मला अधिक न्याय्य वाटते. दोघांची मात्र छान मैत्री जमली आणि पत्रव्यवहार अनेक वर्षे चालला.

यंत्र बांधायला तीन वर्षे लागली. दरम्यान १८४० मध्ये ग्रोव्ह रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १८४१ मध्ये लंडन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक. डिसेंबर १८४२ मध्ये त्यांनी ‘वायूंची बॅटरी’ प्रसिद्ध केली. पन्नास जोड्या एकापाठोपाठ एक जोडलेल्या. पाच माणसांनी हात धरून साखळी केली तर सर्वांना झटका जाणवे. कोळशाच्या दोन टोकांमध्ये दिवसाढवळ्या ठिणगी दिसे. हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट खर्च होई, म्हणजे पाणी ज्या प्रमाणात बनते अगदी त्याच प्रमाणात.

आणि किमान २६ जोड्या लावल्या की त्यातून आलेली वीज दुसऱ्या भांड्यातल्या पाण्याचे विघटन करी. ग्रोव्ह यांना सगळ्यात जास्त आनंद झाला तो याचा. एकीकडे पाणी बनते आहे आणि त्याच्याच जोरावर दुसरीकडे पाणी तुटते आहे. १८३९ च्या टिपणातच त्यांनी ही आशा व्यक्त केली होती.

खरी अडचण त्या एका रेषेत

त्याच लेखात एक निरीक्षण आहे. बाकी सगळे विसरले तरी चालेल, पण हे लक्षात ठेवावे असे.

प्लॅटिनमची पट्टी बरीच लांब असली तरी तिच्या बहुतेक भागावर काही घडत नाही, हे ग्रोव्ह यांच्या लक्षात आले. वरच्या भागाला फक्त वायू लागतो, खालच्या भागाला फक्त द्रव. वायू, द्रव आणि धातू तिन्ही एकत्र भेटतात ते फक्त पाण्याच्या पातळीच्या रेषेवर, आणि क्रिया तिथेच होते. त्यामुळे काम करणारा पृष्ठभाग वाढवणे ही मुख्य अडचण आहे, असे त्यांनी मांडले. उपाय म्हणून त्यांनी पट्टीवर विजेच्या साहाय्याने प्लॅटिनमचाच काळा, खरखरीत थर चढवला. खडबडीत पृष्ठभागावर ओल वर चढते आणि रेषेचा पट्टा होतो.

आजच्या इंजिनीअरच्या भाषेत याला ‘थ्री-फेज बाउंडरी’ म्हणतात. फ्युएल सेलचे इलेक्ट्रोड बनवणाऱ्या प्रत्येकाचा दिवस अजूनही हीच सीमारेषा लांबवण्यात जातो.

पण प्लॅटिनमच का?

हायड्रोजनचा रेणू म्हणजे घट्ट धरून बसलेले दोन अणू. वीज मिळवायची तर त्यांना सोडवून प्रत्येकाकडून इलेक्ट्रॉन काढून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातो, तीच आपली वीज. उरलेला प्रोटॉन आतल्या आम्लातून पलीकडे जातो. तिथे ऑक्सिजन दोघांनाही सामावून घेतो आणि पाणी होते.

हे सगळे नुसत्या ७० अंशांवर आपोआप होत नाही, कारण या तापमानाला रेणूंकडे स्वतःची पुरेशी ऊर्जा नसते. मध्यस्थ लागतो, म्हणजेच उत्प्रेरक. चांगल्या उत्प्रेरकाने अणूंना न फार घट्ट धरावे, न फार सैल. सैल धरले तर रेणू तुटतच नाही. घट्ट धरले तर अणू चिकटून बसतात आणि पुढच्यांना जागा मिळत नाही. हायड्रोजनच्या बाबतीत प्लॅटिनमची पकड जवळपास नेमकी मधली आहे. शिवाय आम्लात लोखंड, निकेल विरघळतात, प्लॅटिनम टिकते.

प्लॅटिनमचा हा गुण ग्रोव्ह यांच्या आधीच माहीत झाला होता. १८२३ मध्ये जर्मनीत येना येथे डोबेरायनर यांनी भुसभुशीत प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला आणि तो काडी न लावता पेटला. आगपेटी घरोघरी येण्याआधी या तत्त्वावरचे लायटर बाजारात विकले जात होते. ग्रोव्ह यांनी त्याच संयोगातून उष्णतेऐवजी वीज काढली.

अवघड बाजू आहे ऑक्सिजनची. त्याच्या प्रत्येक रेणूला चार इलेक्ट्रॉन आणि चार प्रोटॉन द्यावे लागतात आणि प्लॅटिनमवरसुद्धा हे काम रेंगाळते. कागदावर या सेलचे व्होल्टेज १.२३ असायला हवे. प्रत्यक्षात भार टाकला की ते ०.६ ते ०.७ वर येते आणि त्या घसरणीचा मोठा वाटा ऑक्सिजनच्या बाजूचा. म्हणून सेलमधले बहुतेक प्लॅटिनम त्याच बाजूला खर्ची पडते.

मग तापमानच का वाढवू नये? वाढवतात. ६०० ते १००० अंशांवर चालणारे सिरॅमिकचे फ्युएल सेल आहेत आणि त्यात निकेलवर भागते. पण किल्ली फिरवल्यावर मोटारीने लगेच निघायला हवे. ती भट्टीसारखी तापण्याची वाट कोण बघणार? गाडीत हवा कमी तापमानाचा सेल, आणि त्याला हवे प्लॅटिनम.

मग ग्रोव्ह यांनी ते तिथेच का सोडले?

लोकप्रिय उत्तर असे, की काळाने त्यांना ओळखले नाही. ते खरे नाही. १८४७ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना रॉयल मेडल दिले. वैज्ञानिक जगात त्यांना मान होता.

खरे कारण साधे आहे. ही बॅटरी वीजनिर्मितीसाठी वापरण्यात अर्थच नव्हता. हायड्रोजन मिळवायचा म्हणजे जस्तावर आम्ल ओतायचे. तेच जस्त सरळ ग्रोव्ह सेलमध्ये वापरले तर कितीतरी जास्त वीज मिळे. हायड्रोजन हे ‘इंधन’ तेव्हा जस्तापेक्षा महाग होते. ‘हायड्रोजन आणायचा कुठून’ हा आजचा प्रश्न तितकाच जुना आहे.

ग्रोव्ह यांनी स्वतः १८४३ च्या शोधनिबंधात सुचवलेला उपयोग वेगळाच होता, हवेतला ऑक्सिजन मोजण्याचा. म्हणजे सेन्सर! हा विचार वाया गेला नाही. रात्रीच्या नाकाबंदीत पोलीस ज्यात फुंकायला लावतात, त्यातल्या अनेक ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असलेला छोटा फ्युएल सेलच असतो. श्वासातले अल्कोहोल हे त्याचे इंधन. जितकी वीज, तितकी घेतलेली. कमी तापमानाच्या फ्युएल सेलशी आपल्यापैकी अनेकांची गाठ याच मार्गाने पडली असेल.

ग्रोव्ह यांचे मन तर त्याहून मोठ्या प्रश्नात गुंतले होते. उष्णता, प्रकाश, वीज, चुंबकत्व, रासायनिक क्रिया ही सगळी एकमेकांत बदलणारी रूपे आहेत, अशी त्यांची मांडणी होती. १८४२ च्या व्याख्यानातून सुरू झालेली ही मांडणी १८४६ मध्ये ‘ऑन द कोरिलेशन ऑफ फिजिकल फोर्सेस’ या पुस्तकात आली. त्याच्या सहा आवृत्त्या निघाल्या. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्यांनी मांडला असे मात्र म्हणता येणार नाही. रूपांतर होताना किती उष्णतेची किती गती होते, हा आकडा ज्यूल यांनी मोजला. ग्रोव्ह यांच्याकडे कल्पना होती, आकडे नव्हते.

पोट, कुटुंब आणि कोर्ट

१८४६ मध्ये ग्रोव्ह यांनी प्राध्यापकी सोडली आणि ते पुन्हा वकिलीकडे वळले. कारण पैसा. मुलेबाळे झाली होती आणि विज्ञानातून घर चालत नव्हते. वय फक्त ३५. गॅस बॅटरीवरचे त्यांचे महत्त्वाचे काम तोवर होऊन गेले होते.

सोडण्यापूर्वी आणि नंतरही ते एका गोष्टीसाठी झगडले. रॉयल सोसायटीत तेव्हा प्रतिष्ठित उमराव सहज फेलो होत, विज्ञानाशी संबंध असो वा नसो. दरवर्षी फक्त १५ नवे फेलो निवडायचे, तेही कामाच्या बळावर, ही सुधारणा १८४७ मध्ये झाली. तिच्यामागे जोर लावणाऱ्यांत ग्रोव्ह आघाडीवर होते.

वकील म्हणून त्यांचा हातखंडा पेटंटच्या खटल्यांत. १८५३ मध्ये ते क्वीन्स काउन्सेल झाले. पुढच्याच वर्षी छायाचित्रणाचे प्रणेते हेन्री फॉक्स टॅलबट यांनी लारोश या छायाचित्रकारावर पेटंटभंगाचा खटला भरला, तेव्हा टॅलबट यांच्या बाजूने ग्रोव्ह उभे होते. लारोश यांनी पेटंटचा भंग केलेला नाही, असा निकाल ज्युरीने दिला आणि नवे छायाचित्रण सर्वांना खुले झाले.

१८५६ मधला खटला अधिक खळबळजनक. विल्यम पामर या डॉक्टरवर मित्राला स्ट्रिकनीन देऊन मारल्याचा आरोप होता. स्थानिक लोकमत इतके तापले की खटला लंडनला हलवण्यासाठी संसदेने कायदा केला. बचाव पक्षाच्या वकिलांत ग्रोव्ह होते. प्रेतात स्ट्रिकनीन सापडलेच नव्हते, त्यामुळे सगळा वाद रसायनशास्त्राभोवती फिरला. पामरला फाशी झाली.

प्रयोग पूर्ण थांबले नाहीत. १८५२ मध्ये विरळ वायूतून वीज सोडताना ऋण इलेक्ट्रोडचा धातू उडून समोरच्या पृष्ठभागावर बसतो, असे त्यांना दिसले. आज याला ‘स्पटरिंग’ म्हणतात आणि प्लॅटिनमचे अतिशय पातळ थर देण्यासाठी फ्युएल सेलच्या प्रयोगशाळांत हीच पद्धत वापरतात. दोन्ही गोष्टींचा कधी मेळ बसेल, याची त्यांना तेव्हा कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१८६६ मध्ये ते ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष झाले. १८७१ मध्ये न्यायाधीश, १८७२ मध्ये ‘सर’. १८७९ मध्ये एमा यांचे निधन झाले. १८८७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या हयातीतच परतलेला प्रश्न

ते निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांनी, १८८९ मध्ये, लुडविग माँड आणि कार्ल लँगर यांनी गॅस बॅटरी पुन्हा हाती घेतली. भोके पाडलेल्या पातळ प्लॅटिनमवर काळ्या प्लॅटिनमचा थर, मध्ये आम्लात भिजलेली सच्छिद्र चकती. व्होल्टेज ०.७३ मिळाले. अडले ते दोन ठिकाणी. एक, प्लॅटिनमची किंमत. दोन, कोळशापासून मिळणाऱ्या हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला चिकटून त्याचे काम बंद पाडतो. आजच्या सेलमध्येही दहा लाख भागांत दहा भाग कार्बन मोनॉक्साइड असला तरी परिणाम दिसतो.

त्यानंतर हे तंत्र खऱ्या अर्थाने कामाला लागले ते १९६५ च्या जेमिनी ५ यानात. द्रव आम्लाच्या जागी प्लास्टिकसारखा पडदा आला होता. अवकाशात प्लॅटिनमचा भाव कोणी विचारत नाही.

जमिनीवर विचारतात. साधे गणित करू. दर चौरस सेंटीमीटरला एक वॉट धरला तर १०० किलोवॉटच्या मोटारीला एक लाख चौरस सेंटीमीटर इलेक्ट्रोड लागेल. जुन्या पद्धतीने दर चौरस सेंटीमीटरला ४ मिलिग्रॅम प्लॅटिनम, म्हणजे ४०० ग्रॅम. सराफी भाषेत ४० तोळे! १९८० च्या दशकात अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामोस प्रयोगशाळेने प्लॅटिनमचे कण कार्बनच्या भुकटीवर बसवून त्यांना पडद्याच्याच पदार्थाचा हात दिला आणि प्रमाण ०.४ मिलिग्रॅमवर आणले. आणखी थोडे उतरून ०.३ धरले, तर ४० चे ३ तोळे झाले.

गुपित पृष्ठभागाचेच. एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन केला तर त्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरही भरत नाही. त्याचेच तीन नॅनोमीटरचे कण केले तर तो सुमारे ९० चौरस मीटर होतो, तीन बेडरूमच्या चांगल्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाएवढा. ग्रोव्ह यांनी खरखरीत थर चढवून जे केले, त्याचीच ही परिसीमा.

मात्र एवढे बारीक कण स्वस्थ बसत नाहीत. गाडी चालू-बंद होताना ते हळूहळू विरघळतात, एकत्र येऊन मोठे होतात, खालचा कार्बन झिजतो आणि मिळवलेला पृष्ठभाग वर्षागणिक कमी होतो. टोयोटाच्या ‘मिराई’त प्लॅटिनमला कोबाल्टची जोड दिली आहे. लोखंड, नायट्रोजन आणि कार्बनपासून बनवलेले बिनप्लॅटिनमचे उत्प्रेरक प्रयोगशाळेत चांगली सुरुवात करतात, पण आम्लात फार दिवस टिकत नाहीत. जगातले सुमारे ७० टक्के प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येते आणि भारत त्यासाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. पुण्यातल्या मोटारीचा फ्युएल सेल स्टॅक देशात विकसित झाला. त्यासारख्या सेलला लागणारे प्लॅटिनम मात्र आपल्याला बाहेरूनच आणावे लागते.